बस बदलली की सांगजो

विमानाची तिकिटं मी काढली होती, म्हणून कंपनीचे सगळे निरोप माझ्याच फोनवर यायचे. माझेही आणि माझ्या मैत्रिणीचेही. तिला जाऊन दिवाळीही उलटून गेली होती, आणि एका दुपारी स्टाफरूममध्ये डबा खात असताना तिच्या नावानं निरोप आला, की तुमचा प्रवास जवळ आला आहे, सीट निवडून घ्या. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. मी फोन पालथा ठेवला. समोर तिची खुर्ची होती. त्या खुर्चीवर अजून कोणी बसत नव्हतं, आणि तसं कोणी ठरवलंही नव्हतं.

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि मी भूगोल. सुरुवातीला रीत म्हणून एकमेकींना मॅडम म्हणायचो, नंतर मैत्री झाली तरी थट्टेनं तेच चालू राहिलं. मी अड्याळकडची, ढिवराच्या घरची. माझे वडील तलावात जाळं टाकायचे. ती आंबागडची, गडाच्या पायथ्याशी तिच्या घरच्यांची धानाची शेती. "मासे तुमच्या घरचे अन् अभ्यास मी करून राहिली," असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. गावोगावचे जुने तलाव आणि बोड्या, म्हणजे शेताच्या डोक्यावरचे छोटे तलाव, यांच्यावर आम्ही दोघींनी मिळून एक निबंध लिहिला होता. कुठला तलाव किती गाळानं भरला याचे नकाशे माझे, आणि त्यात कुठले मासे आता मिळत नाहीत ते तिचं. कोचीच्या एका परिषदेनं तो स्वीकारला.

दोघीही विमानात कधी बसलो नव्हतो. समुद्रही दोघींनी पाहिला नव्हता. निबंध स्वीकारल्याचं कळलं तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगत सुटली. बसस्टँडवरच्या चहावाल्याला सांगितलं, ऑटोवाल्याला सांगितलं, प्रॅक्टिकलला आलेल्या मुलींना सांगितलं. मला एकच अट घातली, की खिडकी तिची.

धान पिवळं पडायला लागलं तेव्हा तिला ताप आला. आधी साधा वाटला. मग भंडाऱ्याला भरती केलं, तिथून नागपूरला नेलं. मी नागपूरला भेटायला गेले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. मी हात धरला तर म्हणाली, "मॅडम, स्लाइड तुम्हीच बनवा यंदा." त्यानंतर तिचं बोलणं मी ऐकलं नाही.

परिषदेला जायचं की नाही हे माझं ठरत नव्हतं. प्राचार्य म्हणाले, जा, काम दोघींचं आहे, ते कुणीतरी वाचायला हवं. मग मी ठरवलं की आपलं तिकीट ठेवायचं आणि तिचं रद्द करायचं. ते करायचं म्हणून फोन हातात घ्यायचे आणि दुसरंच काहीतरी करत बसायचे.

त्याच दिवसांत तिची आई, मी तिला मावशी म्हणते, भंडाऱ्याला आली. भाड्याची खोली रिकामी करायची होती आणि किल्ली माझ्याकडे होती. मी कॉलेज सुटल्यावर गेले तर ती आधीच येऊन पायरीवर बसली होती, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. आम्ही आत गेलो. खोलीत बंद घराचा वास होता. कपडे, पुस्तकं, एक पंखा, गॅसची शेगडी. खिडकीतल्या फळीवर काचेच्या बरण्या होत्या आणि त्यांत औषधाच्या पाण्यात ठेवलेले मासे. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली.

"हे कायले ठेवले?"

"अभ्यासाला, मावशी. सडू नयेत म्हणून त्या पाण्यात ठेवतात."

"अन् किती दिवस राहतात असे?"

"खूप दिवस. वर्षानुवर्षं."

ती कपड्यांच्या घड्या उचलून गाठोड्यात ठेवू लागली. मी पुस्तकं बांधायला घेतली. थोड्या वेळानं माझ्याकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, "शनिवारी येते."

"कोण?"

"ती. सांजच्या गाडीच्या टाइमाले. आली की पायरीवर चपला आपटते, चिखल झाडाले. लहानपणापासून सवय हाय तिची. आवाज आला की उठून दार उघडते, तर कोणी नाही."

माझ्या हातातली सुतळी हातातच राहिली. शनिवारी दुपारचे तास संपले की ती खरंच गावची गाडी पकडायची. मी कित्येकदा तिला स्टँडवर सोडलेलं होतं.

"भेव नाही लागत मले," मावशी म्हणाली. "आपल्याच लेकीचं भेव कायचं? पण ती दमून राहिली, पोरी. एवढ्या दुरून येते अन् घरात येतच नाही. पायरीवरूनच वापस जाते."

भूगोल शिकवणाऱ्या बाईकडे वाऱ्याबद्दल आणि आवाजाबद्दल सांगायला बरंच असतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःलाच दाराकडे पाहावंसं वाटत नव्हतं.

"तिचा जीव त्या विमानात अडकला," मावशी म्हणाली. "तुम्ही दोघी जाऊन राहिल्या होत्या ना?"

"मी जाणार आहे. तिचं तिकीट रद्द करायचं राहिलंय."

ती वळली. "रद्द कायले करतं? तिले घेऊन जा."

मग तिनं मला नीट बसवलं आणि समजावून सांगितलं, एखादी भाजी कशी करायची ते सांगावं तसं. तिचा सासरा तरुणपणीच मध्य प्रदेशातल्या एका खदानीवर कामाला गेला होता आणि तिथंच वारला. तिची सासू तिथं गेली आणि त्याला घेऊन आली. त्याची माती तर तिथंच झाली होती. आणलं ते नुसतं त्याच्या जीवाला, रेल्वेतून आणि मग बैलगाडीतून, वाटभर बोलत.

"गेलेलं माणूस सरळ चालते," मावशी म्हणाली. "वळण नाही समजत त्याले. म्हणून वळणावळणावर सांगा लागते. बस बदलली की सांगजो. नदी आली की सांगजो. आता चढाचं हाय, आता उतराचं हाय. घरच्या नावानं सांगजो, कालेजच्या नावानं नको. नाही सांगितलं तर तठीच राहून जाईन."

घरचं नाव तिनं मला सांगितलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ते मला ठाऊक नव्हतं. ते मी इथं लिहीत नाही.

"समुद्र दाखवजो. मग सांगजो की आता इथंच राह्य. अन् येताना बोलावजो नको. कितीबी वाटलं तरी नको."

मी विचारलं, "मावशी, ती घरी येऊ नये असं वाटतं तुम्हाला?"

"तसं नाही," ती म्हणाली. "तिनं कुठंतरी पोचावं वाटते."

गाठोडं घेऊन मी तिला स्टँडवर सोडलं. तुमसरची गाडी लागलेली होती. खिडकीतून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, मी होकार दिलाच आहे असं धरून. मी तोंडानं काही म्हटलं नव्हतं. घरी आल्यावर मी तिच्या नावाची खिडकीची सीट निवडली आणि माझी तिच्या शेजारची.

निघायच्या दिवशी सकाळी थंडी होती. भंडाऱ्याच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीच्या दाराशी मी उभी राहिले आणि ते नाव काही तोंडातून निघेना. मागून माणसं चढायला ढकलत होती. शेवटी मी मफलर ओठांवर ओढला आणि आत म्हटलं, "चल, गाडीत बसायचं आहे." नाव घेतलं. काही झालं नाही. माझ्या मागून एक बाई कोबीचं पोतं घेऊन चढली.

दोघींची सीट मिळाली. मी कडेला बसले आणि खिडकीशी जागा सोडली. भंडारा सुटायच्या आत एक म्हातारबुवा आले आणि मला जरा सरका म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, इथं कोणी..." आणि मी उठून त्यांना आत जाऊ दिलं. ते खिडकीशी टेकले आणि लगेच झोपले. सगळ्या वाटेत मला एकच काळजी लागून राहिली, की ती आता कुठं बसली असेल. उभी असेल का? तिला उभ्यानं प्रवास झेपायचा नाही, कंबर धरायची. एक शिकलेली बाई एसटीत बसून हा विचार करत होती आणि त्यात मला तेव्हा काही वेगळं वाटलं नाही.

मौद्याजवळ कन्हानचा पूल आला. मी सांगितलं, "नदी आली." या वेळी नाव घेणं सोपं गेलं.

नागपुरात भंडारा रोडवर प्रजापती नगरला उतरून मेट्रो पकडली. उतरताना सांगितलं, जिना चढताना सांगितलं, डब्यात शिरताना सांगितलं. सकाळची वेळ, डबा मुलामुलींनी भरलेला. सगळे आपापल्या फोनवर बोलत होते, त्यामुळे मीही कुणाशी तरी बोलतेय असंच लोकांना वाटलं असणार. बर्डीला गाडी बदलायची होती. तिथं इतकी गर्दी होती की लोकांच्या लोंढ्याबरोबर मी सरकत्या जिन्यावर गेले, पाट्या वाचत दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर पोचले, विमानतळाकडची गाडी आली, तिची दारं उघडली, आणि मला आठवलं की आपण सांगितलंच नाही.

दारं उघडी होती. मी आत गेले नाही. आत शिरले असते तर बरं झालं असतं, असं मागून कधीकधी वाटतं. पण तेव्हा मला ती डोळ्यांसमोर दिसत होती. पहिल्या प्लॅटफॉर्मवर, तिच्या त्या निळ्या स्वेटरमध्ये, माणसं आजूबाजूनं जातायत आणि ती सरळ समोर बघत उभी आहे, जिना कुठल्या बाजूला आहे ते तिला कळत नाहीये. मी बॅग ओढत परत गेले. जिथं उतरले होते तिथं खांबापाशी थांबले आणि मोठ्यानंच म्हटलं, "चल, इकडून. गाडी बदलायची आहे." झाडू मारणाऱ्या बाईनं वर पाहिलं आणि मग शेजारी पाहिलं. माझ्या शेजारी, जिथं कोणी नव्हतं तिथं. मग ती बाजूला सरकली आणि आम्हाला वाट दिली.

मी "आम्हाला" असं लिहून गेले. तसंच राहू देते.

विमानतळावर सगळं नवं होतं, पण त्याच्या आधीच मी इतकी घाबरलेली होते की त्या नवेपणाची भीती उरली नव्हती. तपासणी झाली. गेटसमोरच्या खुर्चीवर मी बसले, शेजारच्या खुर्चीवर बॅग न ठेवता. माणसं रांगेत लागली. मला वाटलं, घाई कशाला, रांग संपू दे. आणि तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून तिचं नाव आलं.

आधी हिंदीत, मग इंग्रजीत. प्रवासी अमुक अमुक, आपण कुठंही असाल तर तातडीनं गेटवर या. आडनाव चुकीचं उच्चारलं होतं, पण नाव स्वच्छ होतं. सीट राखायची म्हणून मी दोघींचंही चेक-इन फोनवरून करून टाकलं होतं. कंपनीच्या लेखी ती विमानतळावर होती आणि गेटवर आली नव्हती. पुन्हा नाव आलं. मग पुन्हा. चहाच्या दुकानापासून पुस्तकांच्या दुकानापर्यंत सगळीकडे तिचं नाव वाजत होतं. खोली रिकामी झाली, खुर्ची पुसली गेली, हजेरीपटातून नाव गेलं, आणि इथं तिला शेवटची सूचना देत होते. मी मान वळवून मागं बघितलं. सगळेच बघत होते, कोण उशिरा धावत येतंय ते.

मी पुढं गेले तर गेटवरच्या मुलीनं माझा पास पाहिला. नागपूरचीच असावी.

"मॅडम, तुमच्यासोबत दुसऱ्या पॅसेंजर आहेत ना? त्या कुठं आहेत?"

"त्या..." मी म्हटलं.

"आम्ही केव्हाचे बोलावून राहिलो. येत आहेत का त्या? तसं सांगा, दोन मिनिटं थांबतो."

तिचा चेहरा चांगला होता. ती खरंच थांबली असती. मला म्हणायचं होतं, आली आहे. माझ्या मागंच उभी आहे. ते खरं आहे असं मला त्या क्षणी वाटत होतं.

"नाही," मी म्हटलं. "त्या वारल्या."

मुलीनं पडद्यावरचा हात उचलला. "आज?"

"नाही. धान कापायच्या आधी."

तिनं पडद्यावर काहीतरी दाबलं, मग कर्ण्यावर बोलणाऱ्या मुलाला हातानं खूण केली, की थांब. नाव बंद झालं. ती शांतता मला त्या आवाजापेक्षा जड गेली. विमानाकडे नेणाऱ्या त्या लांब बोळात शिरताना मी नाव घेऊन म्हटलं, "चल. विमान आलं." आणि मनात म्हटलं, मी तसं बोलले त्याचं वाईट नको वाटून घेऊ.

विमानात खिडकीची सीट रिकामी होती. हवाई सुंदरी येऊन म्हणाली की तुम्ही तिकडं सरकू शकता. मी नको म्हटलं. उड्डाणाच्या आधी ती पुन्हा फेरी मारत आली, माझ्यावरून वाकली, रिकाम्या सीटवरचा लोंबणारा पट्टा उचलला आणि त्याची दोन टोकं एकमेकांत अडकवली. कट्ट असा आवाज झाला. मग तो पट्टा तिनं ओढून घट्ट केला आणि पुढं गेली. सैल पट्टे तसे बांधून ठेवत असतील. मला ठाऊक नाही. विमान धावायला लागलं तेव्हा मी त्या सीटच्या हातावर हात ठेवला होता.

वर गेल्यावर खाली तलाव दिसले. भंडाऱ्याचे नव्हते, आमची वाट दक्षिणेला होती, तरी तलावच ते. उन्हात एकेक करून पेटत होते आणि विझत होते. मी रिकाम्या सीटवरून पलीकडे बघत होते, थोडं वाकून, मध्ये कोणी बसलं असताना बघावं तसं. तिच्या शनिवारांबद्दल, तिच्या आईबद्दल, बरण्यांतल्या माशांबद्दल मी तिच्याशी मनातल्या मनात बोलले. बराच वेळ बोलले. आजारात न बोललेलं सगळं तिथं बोलले.

हैदराबादला विमान बदललं. बदलताना मी सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. पण नागपूरला ती चढली नाही म्हणून पुढचं तिचं तिकीट आपोआप गेलं होतं आणि दुसऱ्या विमानात तिच्या जागी एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. कानात गाणी घालून ते कोचीपर्यंत झोपले. त्या विमानात मला काहीच जाणवलं नाही. शेजारी एक माणूस, समोर एक पुस्तक, बाहेर ढग. सकाळपासून जे माझ्या डाव्या खांद्यापाशी होतं ते नव्हतं. मी ते नाव घेऊन पाहिलं, तर ते नुसतं नाव राहिलं. मला रडू फुटलं. तिला आपण कुठल्या तरी अनोळखी शहराच्या विमानतळावर सोडून आलो, असं वाटून मी तोंडावर रुमाल धरून बसले.

कोचीला उतरल्यावर बस होती, बसनंतर मेट्रो, आणि मेट्रोनंतर खाडीतून जाणारी बोट. मी प्रत्येक ठिकाणी सांगत गेले, कोणी ऐकतंय असं न वाटता, नुसतं सांगायचं म्हणून. बोटीचा धक्का ओला होता. धक्क्यावरून बोटीत जायला लोखंडी फळी टाकली होती. मी आत जाऊन बाकावर बसले, माणसं चढत राहिली, आणि माझ्या मागं त्या फळीवर कोणीतरी चपला आपटल्या. एकदा डावी, एकदा उजवी. ओल झाडायला. मी मागं पाहिलं नाही. तिथं एखादी तिथलीच बाई असेल, असणारच. मी सरकून बाकावर जागा केली, आणि बोट सुटल्यावर बराच वेळ पाण्याकडेच बघत राहिले.

परिषदेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नोंदणीच्या टेबलावर दोन बिल्ले होते आणि मुलानं दोन्ही माझ्या हातात दिले. आमच्या सत्राला माणसं बरी होती. मी माझे नकाशे दाखवले, मग तिचा भाग वाचला. तिनं लिहिलेल्या इंग्रजीतसुद्धा तिचा हेल होता आणि तो वाचताना माझा आवाज तिच्यासारखा होतोय असं मला वाटलं. शेवटी एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, की तुमच्या तलावांतून हे मासे नाहीसेच झालेत, की तुमच्या जाळ्यात आले नाहीत एवढंच? प्रश्न चांगला होता.

"हा भाग माझ्या सहलेखिकेचा आहे," मी म्हटलं.

"मग त्यांना विचारा आणि मला कळवा," ते सहज म्हणाले.

"विचारते," मी म्हटलं, आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी समुद्रावर गेले. ऊन उतरायला लागलं होतं. किनाऱ्याला मोठी जाळी लावलेली होती, दोरांनी उचलायची. माझे वडील असते तर त्यांनी आधी त्या जाळ्यांच्या गाठी पाहिल्या असत्या. मी वाळूत जाऊन उभी राहिले. समुद्र मीसुद्धा पहिल्यांदाच पाहत होते. त्याचा आवाज इतका मोठा असतो हे मला ठाऊक नव्हतं. वर्गात मी वर्षानुवर्षं लाटा शिकवत आले होते.

मी तिला नावानं हाक मारून म्हटलं, "बघ." पायांवरून पाणी आलं, गेलं. मावशीनं सांगितलेले शब्द मला म्हणायचे होते आणि ते म्हटले की संपणार होतं, म्हणून मी थांबत होते. एक कुटुंब येऊन फोटो काढून गेलं. शेवटी मी तिच्या आईच्या बोलीतच म्हटलं, कारण दुसऱ्या बोलीत ते खोटं वाटलं असतं. "आता इथंच राह्य."

आणि वळले.

येतानाचा प्रवास मला नीट आठवत नाही, तोंड बंद ठेवल्याचं मात्र आठवतं. जाताना ओठांना सवय लागली होती. बोटीत चढताना, मेट्रोत, विमानाच्या दारात, प्रत्येक ठिकाणी ते नाव आपोआप जिभेवर यायचं आणि मी ते गिळायचे. बर्डीला खांबापासून चालताना मान इतकी ताठ धरली की दुखायला लागली. कन्हानच्या पुलावर डोळे मिटून घेतले. मी बोलावलं नाही. भंडाऱ्याला उतरले तेव्हा पाठीमागं कोणी नाही हे मला इतकं स्पष्ट कळत होतं, की स्टँडवरच्या गर्दीत मी एकटीच उभी आहे असं वाटलं.

मधला एक शनिवार जाऊ दिला आणि मग रविवारी आंबागडला गेले. मावशी अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिनं मला बसायला बोरी टाकली, पाणी आणून दिलं. पुन्हा पाखडायला बसली. मी काही सांगण्याआधीच म्हणाली, "नाही आली काल."

"बरं झालं ना, मावशी?"

ती सूप हलवत राहिली. "घर लय सुनं झालं," म्हणाली. "आधी शनिवार तरी होता."

मी तिला वाटेतलं सगळं सांगितलं. गेटवरच्या मुलीचं, पट्ट्याचं, तलावांचं. हैदराबादचंही सांगितलं, पण थोडंच. बोटीवरच्या चपलांचं सांगितलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि पुन्हा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

"तठी काय बोलतात?" तिनं विचारलं.

"मल्याळम. वेगळीच भाषा आहे. आपल्याला काही कळत नाही."

"तिले येत होती?"

"नाही."

मावशीचा चेहरा बदलला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढा सगळा विचार केला, नद्या, वळणं, बस, आणि हे राहून गेलं होतं. "मंग कोणाशी बोलत असन ती?" तिनं विचारलं. उत्तराची वाट पाहत ती माझ्याकडे बघत होती.

"तिला भाषा लवकर येते, मावशी," मी म्हटलं. "कॉलेजात आली तेव्हा सिंधी दुकानदाराशी महिनाभरात सिंधी बोलायला लागली होती."

हे खरं होतं. ती हसली थोडी. मग म्हणाली, "मले एकदा घेऊन चाल. बोलावणार नाही मी तिले. दुरून पाहीन."

मी हो म्हटलं. अजून आम्ही गेलो नाही. कधी धानाची रोवणी येते, कधी तिचे गुडघे धरतात, कधी माझ्या परीक्षा. दर वेळी ठरतं आणि मोडतं, आणि मोडलं की तिचा आवाज जरासा हलका होतो असं मला वाटतं. मी त्याबद्दल विचारलेलं नाही. मधूनच तिचा फोन येतो. परवा तिनं विचारलं, की विमानात तांदूळ नेता येतात का, तिकडं भात जाडा असतो असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं आहे.

"येतात," मी म्हटलं. "थोडे येतात."

"थोडेच," ती म्हणाली. "एका माणसापुरते."